टेलिफोनच्या रांगेचा हिशेब मांडणारे अग्नर एर्लांग

आपल्या मंडळाच्या या पानावर आजवर संत, नाटककार, संस्थानिक, गायक अशा अनेकांची चरित्रे येऊन गेली. या वेळी ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते ना मराठी, ना भारतीय. डेन्मार्कमधल्या एका टेलिफोन कंपनीत वीस वर्षे नोकरी केलेले हे गणितज्ञ. नाव अग्नर क्रारूप एर्लांग. टेलिफोन किंवा संगणकाच्या जाळ्यांचे शिक्षण घेतलेल्या कोणत्याही इंजिनिअरला हे नाव सांगा, तो लगेच ओळखेल. आपल्या घरोघरी आता असा एखादा इंजिनिअर आहेच, तेव्हा विचारून पाहावे.

आम्ही कॉमर्सचे पदवीधर. गणिताशी आमचा संबंध व्याज, वटाव आणि ताळेबंद यांच्यापुरता. परंतु बँकेच्या काउंटरमागे बसून समोरची रांग पाहण्यात आमचे आयुष्य गेले, आणि त्या रांगेचे खरे शास्त्र पहिल्यांदा कोणी मांडले याचा शोध घेताना हे गृहस्थ भेटले. ते आम्हाला आपल्यातलेच वाटले, म्हणून हा लेख.

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील हान्स निल्सन एर्लांग गावातले शाळामास्तर आणि चर्चचे कारकून. आई माग्दालीन ही धर्मोपदेशकांच्या क्रारूप घराण्यातली. तिच्या पूर्वजांत सोळाव्या शतकातले गणितज्ञ थॉमस फिंके होते. त्रिकोणमितीत शाळेत आपण घोकलेले टॅन्जंट आणि सीकंट हे शब्द याच फिंके यांनी रूढ केले. म्हणजे गणित आजोळकडून आले म्हणायला हरकत नाही, जरी मधल्या तीनशे वर्षांचा हिशेब कोणी ठेवलेला नसला तरी!

शाळामास्तरांचे घर शाळेतच. अग्नर, त्यांचे थोरले भाऊ फ्रेडरिक आणि दोघी बहिणी वडिलांच्याच हाताखाली शिकले. या दोघा भावांची एक गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. संध्याकाळी एकच पुस्तक दोघांत असे. फ्रेडरिक ते आपल्यासमोर ठेवून सरळ वाचत आणि धाकटे अग्नर टेबलाच्या पलीकडे बसून तेच पान उलटे वाचत. एक दिवा, एक पुस्तक, वाचणारे दोघे. ज्या माणसाने पुढे एकच वस्तू अनेकांत कशी वापरावी याचे गणित केले, त्याचे बालपण असे गेले हे वाचून आम्हाला गंमत वाटली. योगायोगापलीकडे त्यात काही शोधू नये.

लहानपणी त्यांना खगोलशास्त्राचे वेड होते. आकाशातल्या ग्रहताऱ्यांवर ते कविताही करीत. चौदाव्या वर्षी कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा त्यांनी विशेष प्राविण्याने उत्तीर्ण केली. वय इतके कमी की परीक्षेला बसण्यासाठी खास परवानगी काढावी लागली. परीक्षा झाली तरी पुढे शिकवायला पैसे कुठून आणायचे? मुलगा गावी परतला, दोन वर्षे वडिलांच्या शाळेत शिकवू लागला आणि त्याच काळात फ्रेंच व लॅटिन शिकला. मग एका दूरच्या नातेवाइकाने आपल्याकडे राहण्याची सोय केली, तेव्हा पुढच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. पूर्वी पुण्यात, इंदुरात किंवा बडोद्यात नातेवाइकांकडे राहून, वार लावून शिकलेल्या पिढीला ही कथा वेगळी सांगायला नको. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९०१ साली गणित हा मुख्य विषय घेऊन ते कोपनहेगन विद्यापीठातून एम.ए. झाले. खगोलशास्त्र, पदार्थविज्ञान आणि रसायन हे जोडविषय.

त्यानंतरची सात वर्षे निरनिराळ्या शाळांत मास्तरकी. त्या वर्षांत सांगण्यासारखे फारसे घडले नाही. मात्र त्यांनी गणिताचा अभ्यास सोडला नाही. विद्यापीठाने ठेवलेल्या बक्षिसाच्या प्रश्नावर लिहिलेल्या निबंधाला गौरव मिळाला, आणि डॅनिश गणितज्ञांच्या मंडळाच्या बैठकांना ते नियमित जाऊ लागले. त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते या बैठकांमुळे. तिथे त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. येन्सन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य इंजिनिअर. फावल्या वेळात गणित करणारे हौशी गृहस्थ, पण हौस अशी की त्यांच्या नावाची असमानता आजही विद्यापीठांत शिकवली जाते. त्यांनी या अबोल मास्तरांची गाठ कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक योहान्सन यांच्याशी घालून दिली. १९०८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, एर्लांग टेलिफोन कंपनीत रुजू झाले. मंडळांच्या बैठकांना जाऊन काय मिळते असे आपल्याकडची तरुण मुले विचारतात, त्यांच्यासाठी ही माहिती मुद्दाम दिली आहे.

कंपनीपुढचा प्रश्न काय होता, हे समजायला आपल्या साठीपुढच्या मंडळींनी ट्रंक कॉलचे दिवस आठवावेत. इंदूरहून पुण्याला फोन करायचा तर आधी नंबर बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे आणि मग फोनपाशी बसून राहायचे. कोणाच्या घरी आजारपण असले की ते बसणे किती जड जाई! दोन गावांमध्ये तारा मोजक्या आणि बोलणारे पुष्कळ, हे त्यामागचे साधे कारण. मग तारा वाढवाव्यात असे कोणीही म्हणेल. पण प्रत्येक तारेला तांबे लागते, खांब लागतात, आणि एक्स्चेंजमध्ये जोडून देणारी ऑपरेटर बाई लागते. त्या काळी सगळी जोडणी हातानेच होई. तारा कमी ठेवल्या तर लोक ओरडणार, जास्त ठेवल्या तर दिवसभर नुसत्या पडून राहणार आणि भागधारक ओरडणार. नेमक्या किती ठेवायच्या? योहान्सन यांनी स्वतः या प्रश्नावर काही लेखन केले होते, पण त्याला पक्का गणिती पाया हवा होता.

वरवर पाहता हा त्रैराशिकाचा प्रश्न वाटतो. समजा, एका काउंटरवर प्रत्येक माणसाला तीन मिनिटे लागतात. म्हणजे तासाला वीस माणसे. तासाला वीसच माणसे येत असतील तर एक कारकून पुरेसा, असे कागदावर दिसते. आणि दर तीन मिनिटांनी बरोबर एक माणूस आला तर ते खरेही ठरेल. पण माणसे अशी येत नाहीत. काउंटरवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की दहा मिनिटे कोणी फिरकत नाही आणि मग एकदम पाच जण उभे राहतात. ते ठरवून आलेले नसतात. ठरवून येत नाहीत म्हणूनच तसे होते. जो तो आपल्या मनाने निघाला की घोळके आपोआप पडतात.

या घोळक्यांनाही नियम आहे, हे एर्लांग यांनी १९०९ सालच्या आपल्या पहिल्या महत्त्वाच्या निबंधात दाखवले. फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांनी १८३७ साली क्वचित घडणाऱ्या गोष्टींविषयी एक सूत्र दिले होते. पुढे १८९८ मध्ये बोर्टकिएविच यांनी ते प्रशियाच्या घोडदळातल्या एका विचित्र माहितीला लावून पाहिले. घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले, याची ती माहिती. सूत्र चपखल बसले. एर्लांग यांनी म्हटले, टेलिफोनचे कॉलही याच सूत्राने येतात. फोन करणारे पुष्कळ असावेत आणि एकाच्या करण्याचा दुसऱ्याच्या करण्याशी संबंध नसावा, एवढीच अट. दिवाळी पाडव्याच्या सकाळी सगळे नातेवाईक एकाच वेळी फोनला चिकटतात, तेव्हा ही अट मोडते, हे वाचकांच्या लक्षात येईल. पण एरवीच्या दिवशी कोण केव्हा फोन करील हे कोणालाच सांगता येत नसले, तरी एका मिनिटात शून्य, एक, दोन किंवा दहा कॉल येण्याची शक्यता किती, हे अगदी नेमके सांगता येते.

यानंतरचे मोठे काम १९१७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्रांचा काळ सुरू होत होता आणि निबंध त्यांनाच उद्देशून होता. त्यातली युक्ती आम्हाला आमच्या पद्धतीने सांगू द्या, कारण ती वाचताना आम्हाला बँकेतल्या टॅलीचीच आठवण झाली. समजा, एक्स्चेंजमध्ये बऱ्याच लाइन आहेत. कधी तीन चालू असतात, कधी चार. नवा कॉल आला की तिनाच्या चार होतात. एखादा संपला की चाराच्या तीन. आता दिवसभरात तीनवरून चारवर आपण जितक्या वेळा जाऊ, जवळजवळ तितक्याच वेळा चारवरून तीनवर यायला हवे, नाही तर हिशेब कुठे तरी फुगत जाईल. डावी बाजू आणि उजवी बाजू जुळलीच पाहिजे. प्रत्येक पायरीवर असा जमा-नावे मेळ घातला की किती वेळ किती लाइन चालू राहतील हे निघते, आणि त्यातून सगळ्या लाइन एकदम भरलेल्या असण्याची शक्यताही निघते. सारे सूत्र इथून आले. वर एक नवल असे की परत जाणाऱ्या कॉलचे प्रमाण बोलण्याच्या सरासरी वेळेवरच अवलंबून असते. कोणी अर्धा मिनिट बोलला आणि कोणी अर्धा तास, याने फरक पडत नाही. याची सर्वसाधारण सिद्धता नंतरच्या गणितज्ञांनी दिली.

त्या निबंधात दोन सूत्रे आहेत. एक, लाइन मिळाली नाही तर फोन ठेवून देणाऱ्यांसाठी, आणि दुसरे, लाइन मिळेपर्यंत थांबून राहणाऱ्यांसाठी. सूत्रे इथे लिहून आम्ही कोणाला घाबरवणार नाही, पण त्यांतून निघणारे आकडे पाहण्यासारखे आहेत.

आधी माप समजून घेऊ. एक लाइन तासभर सलग चालू राहिली तर तो एक एकक भार. तासात तीस कॉल आणि प्रत्येक सरासरी दोन मिनिटांचा, तरी तोच एक भार. आता दहा भार आहे आणि लाइनही दहाच ठेवल्या, तर काय होईल? त्रैराशिक म्हणते सगळे ठीक. सूत्र म्हणते, शंभरातले एकवीस कॉल परत जातील. शंभरातून एकाहूनही कमी कॉल परत जावा असे वाटत असेल तर अठरा लाइन हव्यात. म्हणजे जवळजवळ निम्म्या लाइन कोणत्याही क्षणी रिकाम्या दिसणार. त्या फुकट गेल्या असे समजणाऱ्या साहेबाने त्या काढून टाकल्या की ओरड सुरू.

आता एर्लांग यांची खरी करामत. समजा दहा गावे आहेत, प्रत्येकाचा भार एक. प्रत्येक गावाला शंभरात एकाहून कमी कॉल परत जाण्याइतकी सोय द्यायची तर स्वतंत्र पाच लाइन लागतात. म्हणजे दहा गावांच्या मिळून पन्नास. पण तीच दहा गावे एकाच गटातल्या लाइन वाटून वापरू लागली, तर तेवढ्याच सोयीला फक्त अठरा पुरतात. पन्नासाच्या ठिकाणी अठरा! कारण एका गावाच्या घोळक्याच्या वेळी दुसरे गाव बहुधा शांत असते. भार शंभर झाला तर ११७ लाइन लागतात, आणि तिथे प्रत्येक लाइन शंभरातली पंच्याऐंशी मिनिटे कामात असते. पाच लाइनच्या एकट्या गावात ती जेमतेम वीस मिनिटे असते. एकत्र कुटुंबात दहा चुली मांडाव्या लागत नाहीत, हे आपल्या आज्यांना माहीत होते. फरक एवढाच की एर्लांग यांनी चुलींची संख्या काढून दिली. अर्थात एकत्र चूल बिघडली तर सगळेच उपाशी, हेही खरे, आणि टेलिफोन कंपन्यांना तोही हिशेब करावा लागतो.

दुसरे सूत्र थांबणाऱ्यांचे. इथे आम्हाला राहवत नाही, कारण हा आमच्या काउंटरचा विषय. मघाचाच कारकून घ्या, तासाला वीस माणसांचे काम उरकू शकणारा. माणसे आपापल्या मनाने येतात आणि प्रत्येकाचे काम कमी-जास्त वेळाचे असते, असे धरू. तासाला दहा जण आले तर आपला नंबर लागेपर्यंत सरासरी तीन मिनिटे थांबावे लागेल. सोळा आले तर बारा मिनिटे. अठरा आले तर सत्तावीस. आणि एकोणीस आले तर सत्तावन्न मिनिटे! अठरावरून एकोणीस, म्हणजे तासाला केवळ एक माणूस वाढला, आणि थांबणे दुपटीच्या वर गेले. कारकून तोच, त्याचा हात तसाच चालतो आहे.

आमच्या नोकरीच्या काळात एका शाखेत वरिष्ठ कार्यालयाकडून मोजणी झाली होती. काउंटरचा कर्मचारी दिवसातला पाचवा हिस्सा वेळ मोकळा बसलेला आढळतो, असा शेरा आला आणि एक काउंटर कमी झाले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनची मंडळी भिंतीला टेकून उभी असत आणि आमच्या आतल्या माणसांनाच शिव्या देत. मोकळा दिसलेला तो पाचवा हिस्साच रांग आटोक्यात ठेवत होता, हे पटवून द्यायला त्या वेळी आमच्याजवळ शब्द नव्हते, आकडे तर नव्हतेच. ते डेन्मार्कमध्ये १९१७ सालीच छापून तयार होते.

आणखी एक हिशेब सांगतो. तासाला सोळा माणसांची एक अशा दोन काउंटरपुढे दोन वेगळ्या रांगा असतील तर प्रत्येकात सरासरी बारा मिनिटे थांबावे लागते. तेच दोन काउंटर, तीच बत्तीस माणसे, पण रांग एकच, आणि जो काउंटर मोकळा होईल तिथे पुढच्याने जायचे, असे केले तर थांबणे सव्वापाच मिनिटांवर येते. एकही माणूस जास्त नेमावा लागत नाही. प्रत्यक्षात लोक दुसरी रांग रिकामी दिसली की उडी मारतात, त्यामुळे फरक थोडा कमी पडतो. पण टोकन यंत्रे आल्यावर बँकेतली भांडणे कमी झाली ती याच कारणाने, असे आमचे मत आहे. आपण कोणत्या रांगेत उभे राहिलो या नशिबाचा त्यात संबंधच उरत नाही.

मोठे काम केलेला माणूस मोठ्या खोलीत बसून ते करत असेल असे आपल्याला वाटते. एर्लांग कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, पण सुरुवातीला त्यांच्या हाताखाली मदतनीससुद्धा नव्हता. जमिनीखालच्या टेलिफोन केबलांना जमिनीतून वाहणाऱ्या भटक्या विद्युतप्रवाहांचा त्रास होतो. ते प्रवाह मोजण्याचे काम त्यांच्याकडेच होते. त्यामुळे कोपनहेगनच्या रस्त्यांवर ते अनेकदा दिसत, सोबत शिडी घेतलेला एक कामगार. शिडी लावायची, मॅनहोलमध्ये उतरायचे, मोजून वर यायचे, पुढच्या मॅनहोलकडे जायचे. संभाव्यतेची सूत्रे आणि हे काम एकाच पगारात.

लिहिण्यात ते फार काटकसरी. निबंध लहान, मजकूर दाट, आणि पुष्कळदा सिद्धता गाळलेली. ज्यांना स्वतःला ती लगेच दिसते, त्यांना ती लिहिण्याची गरज वाटत नाही, हा मोठ्या गणितज्ञांचा जुना रोग आहे आणि वाचणाऱ्याला त्याचा त्रास होतो. तरीही १९१७चा निबंध इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मनमध्ये गेला. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने, ज्याच्याकडे तिथले टेलिफोन होते, लाइनची संख्या ठरवण्यासाठी त्यांचे सूत्र स्वीकारले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या एका संशोधकाने तर एर्लांग यांचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकून घेतली. छोट्या भाषेत लिहिणाऱ्याच्या वाट्याला असा वाचक क्वचित येतो. सीमाभागात किंवा महाराष्ट्राबाहेर मराठी टिकवू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रसंगाचे जरा जास्तच अप्रूप वाटेल.

माणूस म्हणून ते अबोल आणि संकोची. सहकारी त्यांना गमतीने खासगी गृहस्थ म्हणत. लग्न केले नाही. पगारातला बराच भाग पुस्तकांवर जाई. गणित, खगोल आणि पदार्थविज्ञान यांचा मोठा संग्रह त्यांनी जमवला होता. आकडेमोडीची कोष्टके तयार करण्यात त्यांना रस होता, आणि लॉगरिदमची चार व पाच स्थळांची कोष्टके त्यांनी प्रसिद्धही केली. कॅल्क्युलेटर येण्यापूर्वी लॉग टेबल वापरून परीक्षा दिलेल्यांना त्यामागची मेहनत कळेल. आणखी एक गोष्ट सहकाऱ्यांच्या लक्षात राहिली. अडलेनडलेले लोक मदत मागायला थेट प्रयोगशाळेत येत. एर्लांग त्यांना रिकाम्या हाताने सहसा पाठवत नसत, आणि देत तेही कोणाला दिसणार नाही अशा रीतीने.

वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात दाखल झाले आणि काही दिवसांतच, ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, त्यांचे निधन झाले. वय अवघे एक्कावन्न. त्या दिवशी रविवार होता.

त्यांच्या पश्चात हे शास्त्र टेलिफोनपुरते राहिले नाही. एका मोठ्या संगणकावर, म्हणजे ज्याला आता सर्व्हर म्हणतात त्यावर, अनेक लोक एकाच वेळी काम करू लागले, तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात पुढे आला. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्यासारख्या संशोधकांनी विचारले की रांगेत एकामागून एक उरकण्याऐवजी सर्व्हरने सर्वांना थोडे थोडे वाटून दिले तर? कल्पना करा, काउंटरचा कारकून प्रत्येकाचे काम क्षणभर करतो, पुढच्याकडे वळतो आणि पुन्हा फिरून येतो. मघाचाच तासाला सोळा माणसांचा भार धरला, तर प्रत्येकाचे काम त्याच्या स्वतःच्या वेळेच्या सरासरी पाचपट वेळात होते. पासबुक भरायचे एक मिनिटाचे काम असलेला माणूस पाच मिनिटांत सुटतो. रांगेत त्याला तेरा मिनिटे लागली असती. दहा मिनिटांची रोकड घेऊन आलेला व्यापारी मात्र बावीसऐवजी पन्नास मिनिटे अडकतो. सगळ्यांची सरासरी दोन्हीकडे सारखीच, पंधरा मिनिटे. फायदा कोणाचा करायचा, एवढाच प्रश्न. माणसांच्या रांगेत हे चालणार नाही, व्यापारी टेबल उलथून टाकील. पण सर्व्हर असेच वागतात, म्हणून एखाद्याने मोठा चित्रपट उतरवायला घेतला असतानाही आपला दोन ओळींचा निरोप पटकन जातो. आणि बँकेत सर्व्हर डाउन असल्याचे जे सांगितले जाते, त्यात पुष्कळदा सर्व्हर बंद पडलेला नसतो. तो एकोणिसाव्या माणसापाशी पोचलेला असतो.

मघाशी भाराचे जे माप सांगितले, त्याला १९४६ साली टेलिफोनविषयक आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने एर्लांग हे नाव दिले. एक लाइन, पूर्ण तास, म्हणजे एक एर्लांग. दोनच वर्षांनी कोपनहेगन टेलिफोन कंपनीने त्यांचे चरित्र आणि सगळे लेख एका ग्रंथात एकत्र छापले. नोकरदार माणसाचे समग्र वाङ्मय त्याच्या कंपनीने काढल्याचे दुसरे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही. पुढे १९८६च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी संगणकाची एक नवी भाषा तयार झाली. एकाच वेळी हजारो संभाषणे सांभाळायची आणि एक बिघडले तरी बाकीची चालू ठेवायची, हे तिचे काम. तिचेही नाव एर्लांग ठेवले. व्हॉट्सॲपचे सर्व्हर या भाषेत लिहिले गेले. आपल्या मंडळाच्या गटावर पहाटे साडेपाचला सुप्रभात टाकणारी मंडळी आहेत, त्यांचे ते निरोपही तिथूनच जातात.